घोडं ‘नको’ म्हणतं तेव्हा

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांमधून निघाला आहे. शब्द वेगवेगळे असले तरी प्रश्न एकच असतो : “घोड्याला मालिश करायला घेतलं की तो कान पाडतो, शेपटी झाडतो, चावायला येतो. त्याला शिस्त कशी लावायची?” विचारणाऱ्यांमध्ये रायडिंग शिकणारी मुलं आहेत, घरी एखादं घोडं बाळगणारे हौशी लोक आहेत, वरातीचे घोडेवाले आहेत आणि फिजिओथेरपी शिकून आता जनावरांकडे वळलेले तरुणही आहेत.

शिस्तीकडे नंतर येऊ. आधी मला कुणी शिस्त लावली ते सांगते.

तीन वेळा सांगितलं होतं

मी नवीन होते. एका रायडिंग स्कूलमध्ये एका तांबड्या घोडीच्या पाठीला मालिश करायला गेले होते. वय बारा-तेरा, अंगानं चांगली, पण तिथे तिचं नाव खराब झालं होतं. खोगीर चढवताना चावते, मुलं पाठीवर बसली की पाठ उचलते, अशा तक्रारी. तिला विकून टाकायचं घाटत होतं. तेरा वर्षांची, चावरी म्हणून बदनाम झालेली घोडी कोण घेणार आणि घेऊन कसल्या कामाला जुंपणार, याचा अंदाज तुम्हाला आहेच.

मान आणि खांदा नीट झाला. हात सरकत कमरेपर्यंत गेले तेव्हा बोटांखाली दोरीसारखा ताणलेला स्नायू लागला. मला आनंद झाला, दुखणं सापडलं म्हणून! मी अंगठा टेकवून दाब वाढवला. तिचा माझ्याकडचा कान मागे गेला. मी मनात म्हटलं, लागतंय म्हणजे बरोबर जागा आहे. तिनं शेपटी एकदा जोरात झाडली. मला वाटलं, माशी असेल. मग तिनं अंगाचा भार एका मागच्या पायावर घेतला आणि दुसरा पाय हलका केला. तेही मला दिसलं, पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं. पुढच्या क्षणी लाथ माझ्या मांडीला चाटून मागच्या फळीवर बसली. फळी फुटली. मी थोडक्यात वाचले.

मला वाटलं, तिथले म्हातारे सईस आता घोडीला एक ठेवून देणार. त्यांनी तिला शांत उभं केलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, तिनं तीनदा सांगितलं तुम्हाला. तुम्ही ऐकलं नाहीत.”

मी या विषयावर नंतर जे वाचलं, शिकलं, त्या सगळ्याचा पाया हे एक वाक्य आहे. घोडं अचानक लाथ मारत नाही. जवळजवळ प्रत्येक वेळी ते आधी सांगतं, हळू आवाजात सांगतं आणि आपण ऐकलं नाही तर आवाज वाढवतं.

आधी हे काम काय, ते समजून घेऊ

घोड्याला हात लावून बरं वाटवणं आपल्याकडे नवीन नाही. घोडी पाळली जायची तिथे खरारा आणि मालिश रोजचीच होती. घोड्यांच्या वैद्यकावरचं आपलं जुनं ज्ञान शालिहोत्र या नावाशी जोडलेलं आहे आणि घोड्याच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणायचे, तो शब्दही त्यातूनच आला. आजच्या पद्धतीच्या स्पोर्ट्‌स मसाजचा बोलबाला अमेरिकेत जॅक मेघर यांच्या कामामुळे झाला. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकच्या सुमारास त्यांनी अमेरिकन संघाच्या घोड्यांवर काम केलं होतं. आता यात मालिश, पाय ताणून देणं, सांधे हलके हलवणं, ठरावीक जागी दाब देऊन थांबणं असे अनेक प्रकार आले आहेत.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. माणूस स्वतःच्या पायांनी थेरपिस्टकडे जातो, कुठे दुखतं ते सांगतो आणि सहन झालं नाही तर “हळू हो!” म्हणतो. घोड्याला कुणी विचारलेलं नसतं. त्याला दोरीला धरून उभं केलेलं असतं आणि एक अनोळखी माणूस येऊन नेमका दुखऱ्या जागी हात घालतो. तोंडानं “हळू हो” म्हणता येत नाही, म्हणून ते अंगानं म्हणतं. त्यालाच आपण ‘खोडी’ हे नाव देतो.

पळणारा प्राणी पळू शकत नाही तेव्हा

घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याचं सगळं शरीर धोका लवकर ओळखून पळण्यासाठी घडलेलं आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. दिसत नाही ते फक्त कपाळाच्या अगदी पुढचं, नाकाखालचं आणि थेट मागचं. “घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये” असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. त्वचा इतकी जागी असते, की माशी बसली तरी तेवढीच जागा थरथरवून तो ती उडवतो. अशा त्वचेवर आपण अंगठा रोवतो, तेव्हा त्याला किती कळत असेल याचा विचार करा.

धोका वाटला की घोड्याची पहिली पसंती लढण्याला नसते, निघून जाण्याला असते. मोकळ्या कुरणात एका घोड्यानं दुसऱ्यावर कान पाडले, की दुसरा दोन पावलं सरकतो आणि विषय संपतो. मात्र तबेल्यात त्याला आखूड बांधलेलं असतं, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला आपण. निघून जायची वाट आपणच बंद केलेली असते. मग उरतं काय? धमकी देणं, आणि धमकी चालली नाही तर दात किंवा खूर. म्हणजे ज्याला आपण आक्रमकपणा म्हणतो तो बहुतेक वेळा बचाव असतो.

या बचावामागे साधारण चार कारणं सापडतात.

पहिलं कारण, आत्ता दुखतंय. हे सरळ आहे.

दुसरं, दुखेल अशी भीती. मागच्या वेळी तंग आवळताना कळ आली होती, म्हणून आज नुसता तंग हातात घेतला तरी कान पडतात. इथे आपण अजून काहीच केलेलं नसतं, पण त्याचा हिशेब जुना असतो.

तिसरं, माणसाची आठवण. घोडी माणसं लक्षात ठेवतात. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यांना एका व्यक्तीचा रागावलेला किंवा हसरा फोटो दाखवला. काही तासांनी तीच व्यक्ती चेहऱ्यावर कोणताही भाव न आणता समोर आली. ज्यांनी रागीट फोटो पाहिला होता ते घोडे तिच्याशी जास्त सावधपणे वागले. नुसत्या फोटोची ही गत, तर प्रत्यक्ष खाल्लेल्या माराची काय असेल? आपल्याकडे काटेरी लगाम वापरलेली घोडी दिसतात. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी असा लगाम वापरायला बंदी आहे, तरी तो पूर्णपणे गेलेला नाही. अशा घोड्याच्या तोंडाजवळ तुम्ही कितीही प्रेमानं हात नेलात, तरी ते डोकं झटकणार. तो राग तुमच्यावर नसतो. तोंडाजवळ आलेल्या प्रत्येक हाताबद्दल त्याला तेवढंच ठाऊक असतं.

चौथं कारण आपण नेहमी विसरतो : त्या वेळची परिस्थिती. दाण्याची वेळ झाली आहे, सोबतीचा घोडा बाहेर नेला आहे, माश्या सतावताहेत, खाली फरशी निसरडी आहे. अशा वेळी हात कितीही चांगला असला तरी घोडं उभं राहायला तयार नसतं.

हळू आवाजातलं बोलणं

घोड्याचं ‘नको’ एका शिडीसारखं वर चढत जातं. खालच्या पायऱ्या ओळखता आल्या तर वरच्या पायऱ्या बघायची वेळ क्वचितच येते.

अगदी खालच्या पायरीवर काही हलत नाही, उलट चालू असलेलं थांबतं. चघळणं थांबतं, पापणी लवणं कमी होतं, श्वास रोखला जातो. तुमच्या हाताखालचा स्नायू मऊ होण्याऐवजी कडक होतो. मान थोडी वर येते. ही पायरी डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते.

त्यानंतर चेहरा बोलतो. २०१४ साली युरोपातल्या संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी तयार केली. त्यात सहा गोष्टी बघतात : ताठपणे मागे गेलेले कान, आवळलेले डोळे, डोळ्याच्या वरच्या भागातला ताण, ताठरून उठून दिसणारे चावण्याचे स्नायू, आवळलेलं तोंड व त्यामुळे पुढे आलेली हनुवटी आणि ताणलेल्या नाकपुड्या. मालिश करताना सहाही मोजत बसायची गरज नाही. पण काम सुरू करण्याआधी चेहरा कसा होता ते लक्षात ठेवा आणि अधूनमधून पाहत राहा. फरक महत्त्वाचा.

कानांबद्दल एक सूचना. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टोकं एकमेकांकडे झुकतात. सारंगखेड्याच्या बाजारात तुम्ही हे घोडे पाहिले असतील. त्यांचं टोक पाहून फसगत होऊ शकते, म्हणून कानाचं बूड कुठे वळलं आहे ते बघा. आणि मागे गेलेला प्रत्येक कान रागाचा नसतो. तुम्ही मागच्या बाजूला काम करत असाल तर कान सैलपणे तुमच्याकडे वळणारच, तो ऐकण्यासाठी. मानेला चिकटवून आवळलेला कान मात्र वेगळं सांगतो.

पुढची पायरी अंगाची. त्वचा थरथरते, शेपटी सपकन झाडली जाते, घोडं तुमच्यापासून अंग चोरतं किंवा तुमच्यावर रेलतं, भार बदलतं, एखादा पाय हलका करतं. मान वळवून तुमच्या हाताकडे पाहतं. हे पाहणं फार मोलाचं असतं. “तिथे काय करतेस?” असा तो सरळ प्रश्न असतो.

त्याच्याही वर हवेत चावणं, पाय आपटणं, पुठ्ठा तुमच्याकडे फिरवणं. आणि सगळ्यात वर खरा चावा, खरी लाथ.

माझ्या घोडीनं मधल्या पायऱ्या एकेक करून चढल्या होत्या. कान, शेपटी, भार. सईसांनी तिन्ही मोजल्या. मी एकही नाही.

धमकीला मारलं तर काय होतं

आता शिस्तीच्या प्रश्नाकडे येऊ. कान पाडले म्हणून घोड्याच्या नाकावर फटका मारला, तर ते कान पाडणं बंद करेलही. पण दुखणं बंद झालेलं नसतं. आपण फक्त मधली पायरी काढून टाकलेली असते. मग असं घोडं तयार होतं, जे काहीही न सांगता थेट लाथ घालतं. लोक म्हणतात, “याचा भरवसा नाही, अचानक मारतो.” हा अचानकपणा बरेचदा कुणीतरी कष्टानं शिकवलेला असतो. धूर दिसला म्हणून घंटा वाजते. घंटा फोडली तर आग विझत नाही.

दुसराही एक परिणाम होतो. काही घोडी सांगणंच सोडून देतात. डोकं खाली, नजर शून्यात, कान स्थिर, हात लावा किंवा लावू नका, काहीच फरक नाही. अशा घोड्याला आपण ‘अगदी गरीब आहे हो’ म्हणून शाबासकी देतो. गरीब आणि गप्प झालेला, यांत फरक असतो. शांत घोडं तुमच्या हाताला उत्तर देतं : डोळा मऊ होतो, खालचा ओठ लोंबतो, जांभई येते, सुस्कारा टाकतं. गप्प झालेलं घोडं उत्तरच देत नाही. त्याच्यावर काम करताना दुप्पट काळजी घ्यायला हवी, कारण आपण इजा करत असलो तरी ते सांगणार नाही.

वागणूक आणि दुखणं यांचा संबंध किती जवळचा आहे, हे दाखवणारा एक अभ्यास फ्रान्समध्ये झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. रायडिंग स्कूलमधल्या ५९ घोड्यांचे पाठीचे मणके तपासले आणि ते माणसाशी कसे वागतात हेही वेगळं नोंदवलं. ज्यांच्या पाठीत जास्त बिघाड होता, ते माणसाशी जास्त आक्रमक वागत होते. ‘वाईट स्वभाव’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्यांतल्या अनेकांना पाठदुखी असते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपण म्हणतो. घोड्याच्या बाबतीत ते आपल्याला कळून घ्यावं लागतं.

मग हात कसा लावायचा?

सुरुवात हात लावण्याआधीच होते. सईसाला, मालकाला विचारा : खोगीर चढवताना कसा वागतो? कुठे हात लावू देत नाही? अलीकडे काय बदललं, खोगीर, नाल, दाणा, काम? रोज खरारा करणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते कोणत्याही पुस्तकात नसतं.

घोडं आखूड बांधू नका. शक्य असेल तर कुणाला तरी सैल दोरी धरायला सांगा आणि त्या माणसाला तुमच्याच बाजूला उभं करा. वेळ आली आणि त्यानं डोकं आपल्याकडे ओढलं, तर पुठ्ठा तुमच्या दोघांपासून लांब फिरतो. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही.

सुरुवात मानेच्या बुडाशी, पाठ सुरू होते त्या उंचवट्याजवळ करा. घोडी एकमेकांना खाजवतात ती हीच जागा. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर झालेला १९९३ चा एक अभ्यास सांगतो, की या आवडत्या जागी माणसानं हातानं खाजवलं तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात. दुसऱ्या जागी तसं होत नाही. निरोगी घोड्याचे ठोके विश्रांतीत मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. जबड्याच्या खालच्या कडेला बोटं टेकवून ते मोजायला शिका. काम सुरू करण्याआधी आणि मध्ये मोजलंत तर तुमचा अंदाज खरा की खोटा ते समजेल.

आता मुख्य गोष्ट. हात हळूहळू दुखऱ्या भागाकडे नेताना पहिली खूण दिसली, म्हणजे पापणी थांबली, श्वास अडला, स्नायू कडक झाला, की तिथेच थांबा. दाब वाढवायचा नाही. दाब निम्मा करा, त्याच्याही निम्मा करा, अगदी लोण्यावर हात ठेवल्यासारखा. आणि वाट पाहा. बरेचदा दहा-वीस सेकंदांत श्वास सुटतो, डोळा मिटतो, मान खाली येते. म्हणजे घोड्यानं परवानगी दिली. खूण कमी न होता वाढली, तर हात उचला, मानेकडे परत जा, थोड्या वेळानं पुन्हा विचारा. एकाच जागेवर तीनदा ‘नको’ आलं तर त्या दिवशी ती जागा सोडायची. हा माझा नियम आहे आणि तो कुठून आला ते तुम्हाला माहीत आहे.

इथे हमखास एक शंका येते : “असं माघार घेत राहिलं तर घोडं शिकेल की, धमकावलं की माणूस पळतो?” शंका रास्त आहे. घोडं नक्की शिकतं. ज्या क्षणी दाब जातो, त्या क्षणी आपण जे करत होतो ते कामाला आलं, असं त्याच्या डोक्यात बसतं. म्हणूनच दात दिसेपर्यंत थांबायचं नाही! दात दिसल्यावर हात काढला तर ते दात दाखवायला शिकेल. पापणी थांबल्यावर हात हलका केला तर ते पापणीनं बोलायला शिकेल. माघार दोन्हीकडे आहे. घोडं कोणत्या पायरीवर बोलायला शिकणार, ते आपण माघार कधी घेतो यावर ठरतं.

समजा चूक झाली आणि चाव्यापर्यंत वेळ आली, तर? ओरडू नका, मारू नका. स्वतःला आधी सुरक्षित जागी न्या, म्हणजे खांद्याजवळ. त्याला आवडणाऱ्या जागी क्षणभर हलका हात ठेवा, श्वास सोडा, आणि त्या दिवसाचं काम सोप्या गोष्टीवर संपवा. नंतर आठवून बघा, पहिली खूण कोणती होती आणि ती मला का दिसली नाही.

घोड्याला विचारायचं म्हणजे काय, ते काय उत्तर देणार, असं काहींना वाटेल. नॉर्वेमध्ये २३ घोड्यांना फळ्यांवरच्या चिन्हांना नाकानं स्पर्श करायला शिकवलं : एक चिन्ह ‘अंगावर ब्लँकेट घाला’, दुसरं ‘काढा’, तिसरं ‘आहे तसंच राहू द्या’. दोन आठवड्यांत सगळे शिकले आणि हवामान पाहून निवड करू लागले. थंडी-पावसात ब्लँकेट मागायचे, ऊन असलं की काढायला सांगायचे. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. ज्याला स्वतःच्या अंगावरच्या ब्लँकेटबद्दल मत आहे, त्याला स्वतःच्या पाठीवरच्या अंगठ्याबद्दलही असणारच.

आपली हाडंही महत्त्वाची

घोड्याचा मान राखायचा म्हणजे स्वतःला धोक्यात घालायचं, असं नाही. पायात बंद बूट हवेत. ज्या घोड्याची माहिती नाही, त्याच्याजवळ काम करताना डोक्यावर हेल्मेट हवं. पुठ्ठ्याजवळ काम करताना एक हात सतत अंगावर ठेवा आणि अगदी चिकटून उभे राहा, कारण लाथेला जोर यायला अंतर लागतं. मागून पलीकडे जायचं असेल तर एक तर अंगाला हात लावून अगदी जवळून जा, नाहीतर चांगलं लांबून. अर्धवट अंतर सगळ्यात वाईट. घोडं मागचा पाय पुढे आणि बाजूलाही मारू शकतं, हे विसरू नका. पायाचं काम करताना वाका, पण गुडघे टेकून किंवा मांडी घालून बसू नका. तुमच्या मागे भिंत असू देऊ नका. घोड्याला जशी निघायला वाट लागते तशी तुम्हालाही लागते.

मालिश कुठे थांबते?

काही वेळा ‘नको’चा अर्थ ‘आज नको’ असा नसतो, ‘आधी डॉक्टर आणा’ असा असतो. घोडं पोटाकडे वळून पाहतंय, पुढच्या पायानं जमीन उकरतंय, लोळतंय, तर ती पोटदुखी असू शकते आणि ते तातडीचं आहे. ताप, ताजी सूज, जखम, अचानक आलेला लंगडेपणा, किंवा काम केल्यावर स्नायू दगडासारखे होऊन लघवी काळपट होणं, यांतलं काहीही असेल तर हात लावू नका, पशुवैद्यकांना बोलवा.

तंग आवळताना चावणाऱ्या घोड्याचंच घ्या. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसभर पाझरत असतं, पोटात चारा असो वा नसो. निसर्गात ते दिवसाचे बहुतेक तास चरत असतं. आपण दोन वेळा दाणा देऊन मध्ये बराच वेळ उपाशी ठेवलं, तर जठराचा वरचा भाग, ज्याला आम्लापासून संरक्षण नसतं, तिथे व्रण पडू शकतात. शर्यतीच्या घोड्यांमध्ये हे फार आढळतं. अशा घोड्याच्या बगलेत तुम्ही कितीही कुशल मालिश केलीत, तरी व्रण बरा होणार नाही. न बसणारं खोगीर, टोकदार झालेले दात, चुकीची नालबंदी यांचंही तसंच आहे.

त्या घोडीचं पुढे काय झालं?

सईसांनी धरून ठेवलं म्हणून मालकांनी पशुवैद्यकांना बोलावलं. तपासणीत निघालं, की दुखणं मुळात कमरेचं नव्हतंच. मागच्या पायाच्या मधल्या सांध्यात संधिवात होता. तो पाय वाचवण्यासाठी ती कितीतरी महिने पाठीवर ताण घेऊन चालत होती. मी अंगठा रोवला तो स्नायू बिचारा दुसऱ्याचं ओझं वाहत होता. औषध सुरू झालं, नालबंदांनी नाल बदलले, उड्या मारण्याचं काम बंद झालं. विकण्याचा विषय मागे पडला. लहान मुलांना चालीवर फिरवण्याचं काम तिनं पुढे बरीच वर्षं केलं.

डॉक्टरांनी सांगितल्यावर मी पुन्हा तिच्याकडे गेले. पहिले दोन दिवस फक्त मानेवर हात ठेवला. कमरेपर्यंत पोहोचायला तीन आठवडे लागले. तिथे हात गेला की ती आजही कान थोडा मागे नेते. मी हात हलका करते, ती कान सोडते. शेपटीपर्यंत गोष्ट जात नाही.

तुम्हाला या आठवड्यात करायला एक गोष्ट देते. तुमच्या ओळखीच्या कुठल्याही घोड्यापाशी दहा मिनिटं नुसते उभे राहा. हात लावू नका. सईस खरारा करत असेल तर तेव्हाच बघा : ब्रश कुठे गेला की पापणी थांबते, कुठे गेला की ओठ सैल पडतो. तुमच्या वहीत नोंद करा. मग त्या सईसाला विचारा, की त्याला काय काय दिसलं. तुमच्या यादीपेक्षा त्याची यादी लांब असेल, याची मला खात्री आहे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, नमस्कार.